भांडणाच्या धुऱ्यावरचं काटवल

गुलाबनं कुऱ्हाडीचा दांडा माझ्या नवऱ्याच्या डोक्यात घातला, तेव्हा त्या दोघांचं आपसात काहीच वाकडं नव्हतं. दोघंही आमच्याच बौद्धवस्तीतले, लहानपणापासून सोबत हिंडलेले. पण माझा नवरा उत्तम पुंडलिकरावाकडं सालानं कामाला होता आणि गुलाब रघुनाथरावाकडं. मालक धुऱ्याच्या, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाच्या, दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना शिव्या देत होते आणि मारामारी मात्र गड्यांना करावी लागली. सौंसरच्या दवाखान्यात उत्तमला सात टाके पडले.

पुंडलिकराव आणि रघुनाथराव सख्खे भाऊ. रामाकोन्याच्या अलीकडं आमचं गाव, गावाला लागूनच त्यांची वावरं. बाप मरायच्या आधी वाटणी करून गेला होता, मधल्या धुऱ्यात हद्दीचा गोटाही रोवून गेला होता. पण ऐंशी साली दोघांनी संत्र्याची बाग लावायला घेतली आणि बघतात तर गोटा नाही. एक म्हणे तू उपटला, दुसरा म्हणे तू विहिरीच्या बांधकामात घातला. कोर्टात गेले. कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत धुऱ्याच्या पंधरा हात पट्टीला कोणी हात लावायचा नाही. निकाल काही लागेना. सहा वर्षं गेली.

त्या सहा वर्षांत त्या पट्टीवर काटवल, म्हणजे रानातली करटुली, माजलं.

आधी आमच्या शिवारात काटवल दिसत नव्हतं असं नाही, पण संत्र्याच्या नादानं जो तो आपला धुरा खरडून, जाळून साफ करत होता. रानातले वेल कुठं राहतील? ह्या एका पट्टीला विळा लागला नाही. बोरी वाढल्या, हिवर वाढले आणि त्यांच्यावर काटवलाचे वेल चढले. पिकून लाल फुटलेली फळं पाखरं खात, बी तिथंच सांडे. वेलाचा जमिनीतला कांदा दरसाल मिरगात नव्यानं फुटे. श्रावणात पाहिलं तर सगळा धुरा हिरव्या काटेरी फळांनी लगडलेला असे.

तिथं तोडायला जायची ती एकटी शकुबाई. माझ्या शेजारची. तिचा नवरा सुखदेव ह्या भावांच्या बापाकडं सालदार होता, तो वारून दहा वर्षं झालेली. पदरात एकच लेक, इंदू. शकुबाईला कोणी हटकत नव्हतं, कारण हटकायला पट्टीत पाय ठेवावा लागे आणि दोघांच्याही वकिलांनी पाय ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. ती पहाटे जाई, टोपलं भरी आणि सौंसरच्या बाजारात विकी. प्रत्येक वेलावर दोन-चार फळं मुद्दाम पिकायला ठेवी. त्या काटवलावर इंदू रामाकोन्याच्या शाळेत नववीपर्यंत पोचली होती.

उत्तमला दवाखान्यातून आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी शकुबाई माझ्याकडं आली. मागून इंदूही आली. उत्तम खाटेवर झोपला होता. शकुबाईनं त्याच्या डोक्यावरच्या पट्टीकडं बराच वेळ पाहिलं.

"पुष्पा," ती म्हणाली, "त्या गोट्याची जागा मले माईत हाय."

"मंग सहा वर्सं बोलल्या कावून नाई, मामी?"

"कोनी इचारलं नाई. आन् इचारलं असतं तरी म्या सांगतलं नसतं. मले काटवलं दिसून राहिले होते ना."

मग तिनं सांगितलं. गोटा रोवला तेव्हा खड्डा सुखदेवानं खणला होता आणि कोळशाचं टोपलं तिच्या डोक्यावर होतं. नवी नवरी होती ती. म्हातारा मालक म्हणाला होता, गोटा कोणी हलवील, पण खालचा कोळसा कुठं जात नाही, सडतही नाही.

"गोटा उपटून नेला अशीन कोनी," शकुबाई म्हणाली, "पन कोयसा तिथंच अशीन."

इंदू दारात उभी होती. "तू सांगतलं का दोघं मिळून धुरा साफ करतीन," ती म्हणाली. "मंग इकशीन काय? माही दहावी कशी व्हईन?"

"आज उत्तमचं डोकं फुटलं. उद्या गुलाबचं फुटंन. मालकाचं कोनाचंच फुटत नाई, पोरी."

"तं उत्तमदादानं चाकरी सोडावी. आपुन कायले आपलं वावर देऊन द्यायचं?"

आपलं वावर म्हणाली ती. आमच्या वस्तीत वावर कोणाचंच नव्हतं.

"वैनी, तुमीच सांगा आईले," इंदू मला म्हणाली.

मी खाटेकडं पाहिलं. उत्तम झोपेत कण्हत होता. बरा झाला की परत त्याच धुऱ्यावर जाणार होता.

"सांगून टाका, मामी," मी म्हणाले.

शकुबाईनं दोघा भावांना सांगितलं, आणि दिवाळीनंतर तहसिलीतून महसुलाचे आर.आय. साहेब आणि पटवारी आले. सगळं गाव धुऱ्यावर जमलं. वेल वाळून गेले होते, नुसत्या काड्या बोरींना लटकत होत्या.

"बाई, जागा कशी वळखशीन?" साहेबानं विचारलं.

"ह्या धुऱ्यावरच्या चिंचेपासून उगवतीकडं बत्तीस पावलं, साहेब. पन माहे नाई. माह्या नवऱ्याचे. तो उंच होता."

सुखदेवाएवढा उंच गुलाबच होता. त्यालाच चालायला लावलं. बत्तिसाव्या पावलाला खणलं, काही निघालं नाही. पुंडलिकराव हसले. शकुबाई म्हणाली, "थोडं डाव्या अंगाले घ्या." तिथं कंबरभर खड्डा केला, तेव्हा कुदळीला काळं लागलं. कोळसा आणि मडक्याची खापरं.

रेघ पट्टीच्या बरोबर मधून गेली. एकाला साडेसात हात, दुसऱ्याला साडेसात हात. पहिल्याच दिवशी मधून दोरी धरली असती तर एवढंच मिळालं असतं.

भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. जामसांवलीच्या हनुमानाला जाऊन स्वयंपाक केला, गावाला जेवण दिलं. आमची पंगत शेवटी बसली. रघुनाथरावांनी शकुबाईला सगळ्यांसमोर नवं लुगडं दिलं, म्हणाले, ह्या बाईनं आमचं घर जोडलं. तसे ते मनानं वाईट नव्हते.

माघात दोघा भावांनी पट्टी जाळली. मग संत्र्याच्या खड्ड्यांसाठी मुळापासून खणायला गडी लावले. त्यात गुलाब होता आणि उत्तमही. शकुबाई सरळ रघुनाथरावांकडं गेली. मी सोबत होते.

"मालक, चिंचेखालचा कोपरा तेवढा राहू द्या. तिथं सावली हाय, संत्रा येनार नाई."

"शकुबाई, एक झुडूप ठेवलं का त्याचे किडे बागेत येते," रघुनाथराव समजावून म्हणाले. "आन् तुले आता रानात कायले हिंडा लागते? बागेत निंदाले ये. बारमाही काम देतो."

ती तिथून खणणाऱ्यांकडं आली. प्रत्येक कुदळीला एक कांदा वर येत होता, रताळ्याएवढा, मातीनं भरलेला. उत्तमनं मान खाली घातली.

"मामी, मी काय करू? रोजी हाय."

"तुले कोन काई म्हनून राहिलं? कर आपलं काम. कांदे फेकू नको, माह्या टोपल्यात टाक."

ते कांदे तिनं घरामागं मुरमात लावले. आषाढात दोन फुटले. ते बकऱ्यांनी खाल्ले. शाळा उघडली तेव्हा इंदू गेली नाही. दहावीची पुस्तकं घ्यायला काही नव्हतं आणि लुगडं कोणी विकत घेत नव्हतं.

श्रावणात आम्ही तिघी बागेत तण निंदत होतो. रोपं गुडघ्याएवढी झाली होती. रघुनाथरावांच्या पत्नी केसरबाई बंगल्यावरून धुऱ्यापर्यंत चालत आल्या.

"शकू, यंदा काटवलं आनले नाई वो? नागपूरचे पाव्हने आले, त्यायले लई आवडते. बाजारातबी कुठी दिसून नाई राहिले."

"नाई उगवले जी."

"दरसाल तं किती होत होते. पानी कमी पडलं का काय?"

"अशीन," शकुबाई म्हणाली.

केसरबाई गेल्या. थोडं पुढं सरकल्यावर इंदूच्या ओळीत एका रोपाला वेल बिलगलेला निघाला. वीतभर चढला होता, एक पिवळी कळीही होती. इंदूनं आईकडं पाहिलं.

"वरूनच तोड," शकुबाई हळू म्हणाली. "खालचा कांदा राहू दे."

इंदूनं खुरपं खोल घातलं. कांदा अख्खा काढला, माती झटकली आणि उन्हात वाळायला बांधावर ठेवला.

"मालकानं मुयासकट काढाले सांगतलं हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

शकुबाईनं कांद्याकडं पाहिलं आणि आपल्या ओळीत पुढं सरकली. मी तिच्या शेजारच्या ओळीत होते. माझ्या खुरप्यापुढंही एक वेल आला. वरून तोडावा असं मनात आलं होतं. पण मागून रघुनाथराव बाग पाहत येत होते, आणि मी खुरपं मुळापर्यंत नेलं.