मुठीतला प्राणवायू

सभागृहात मुंगीलाही वाट नव्हती. व्यासपीठावर मूठबाबांनी जाड मखमली हातमोजा घातलेला हात हवेत फिरवला, मूठ आवळली, उघडली. तळव्यावर पांढराशुभ्र खडा, त्यातून धूर. हवेतला प्राणवायू दाबून घट्ट केलाय, शास्त्रज्ञ यंत्रानं करतात ते आम्ही तपानं करतो, असं बाबांनी सांगितलं. खडा पाण्याच्या वाडग्यात पडताच लोट उसळले आणि दमेकऱ्यांची रांग लागली. वाकून श्वास घ्यायचा, औषधं कायमची सोडायची.

रांगेत माझी ताई होती. शेजारच्या शिंप्यानं मला विचारलं, ग्रंथपालसाहेब, वायूचा खडा होतो का हो? मी चाचरत खरं ते सांगितलं: प्रचंड दाबाखाली होतो असं वाचलंय, पण... तो 'पण' कुणी ऐकलाच नाही. माझी साक्ष रांगभर पसरली. ताईनं दम्याचा पंप माझ्या हातात कोंबला.

"ठेव तुझ्याकडे. आता तूच म्हणालास ना?"

माझं वाचन असं अंगाशी आल्यावर मी तिच्या मुलीला फोन केला. भाची नेमकं वायू दाबण्याचंच काम करते. प्रयोगशाळेतून ती तडक आली. ताईच्या पुढे अजून दोघं होते.

"बाबा, आम्ही दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये वायू दाबतो," ती म्हणाली. "मिळतो तो कण सूक्ष्मदर्शकाखाली शोधावा लागतो. हवेत सर्वांत जास्त असलेल्या नायट्रोजनच्या तसल्या कणात इतकी ऊर्जा कोंडलेली असते, की तो तुमच्या खड्याएवढा असता तर दाब सुटताच मूठ उडाली असती. मागोमाग बाबाही."

लोक हसले. तपाचा दाब तुमच्या यंत्रांना मोजता येत नाही, असं बाबांनी सुनावलं.

भाचीनं वाद घातला नाही. काड्यापेटी आईच्या हाती दिली. "प्राणवायूत ज्योत भडकते. वाडग्यात पेटती काडी धर."

ताईनं धरली. विझली. पंख्याचा वारा लागतोय, असं चेल्याचं म्हणणं पडलं. पंखा बंद केला, तरी विझली.

मग भाचीनं बाबांच्या आसनावरची चादर उचलली. खाली आइस्क्रीमवाल्याची पेटी, आत कोरडा बर्फ. म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आपण उच्छ्वासातून बाहेर टाकतो तोच. हातमोजा बाबांचं तेज झाकायला नव्हता, त्या थंडीनं कातडी भाजू नये म्हणून होता. आणि दम लागलेल्यांना हुंगायला हाच वायू.

ताईनं पंप मागून घेतला, दोनदा श्वासात ओढला आणि मुलीला म्हणाली, "इतकी वर्षं तू कामावर काय दाबतेस, ते आज कळलं बाई."

मी काही मोठा जाणकार नाही. एवढंच सांगेन, शास्त्राचं नाव घेतलं म्हणून माल शास्त्राचा होत नाही. खडा कशाचा आहे ते विचारा, तपासायला मागा. खरं असेल तर ते तपासणीला टिकेल, आणि विचारल्याबद्दल कुणी रागावणारही नाही.