न उघडणारं सफरचंद

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. हसू नका. वात्रट पोराला "काय नमुना आहे!" म्हणतात, तसला नव्हे. शिकवायचा नमुना. कागदाचा लगदा, सरस आणि खडूची पूड यांचं केलेलं, दोन मुठींएवढं सफरचंद. सध्या मुख्याध्यापिकांच्या टेबलावर काचेच्या वाडग्यात पडून असतो. एका बाजूला प्लास्टिकची द्राक्षं, दुसऱ्या बाजूला मेणाचं केळं. पाहुणे म्हणतात, "अगदी खरं वाटतं हो!" याहून मोठी शिवी मला आजवर कोणी दिलेली नाही.

मला घडवलं एका नमुनेवाल्याने, जिन्याखालच्या खोलीत. साचा करण्याआधी त्याने खरं सफरचंद आणून आडवं कापलं. मधे चांदणीसारख्या पाच खोल्या, खोलीखोलीत बिया. तशाच त्याने माझ्या पोटात केल्या. रंग द्यायला त्याची बायको. ती वैतागली. "अहो, आतल्या बिया कोण बघणार आहे?"

"बघणारा एखादा निघतोच," तो म्हणाला. "तू रंगव."

त्याने मला उभं दुभागलं आणि कडेला पितळी आकडी बसवली. आकडी काढली की मी उघडायचो आणि आतला गाभा सुटा हातात यायचा. माझं सगळं मोल त्या आकडीत होतं.

मग मी शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. कपाटात माझ्याआधी अर्धा आंबा, टोमॅटो आणि वाटाण्याची शेंग होती. विज्ञानाच्या मॅडम तेव्हा तरुण होत्या आणि जीव ओतून शिकवायच्या. आधी आंबा हातात घ्यायच्या. "फुलातलं अंडाशय वाढतं, त्याचं फळ होतं. साल, गर आणि कोयीचं टणक कवच, हे तिन्ही त्या अंडाशयाच्या भिंतीचेच थर. बाह्यकवच, मध्यकवच, अंतःकवच. आपण खातो ते मधलं." मग टोमॅटो. "हा सगळाच्या सगळा फळ. भाजीवाला काही का म्हणेना." शेंगही फळच, म्हणायच्या, फक्त वाळली की उकलते.

शेवटी मी. "यात फळ कुठलं?" पोरं माझ्या गुबगुबीत गरावर बोट ठेवायची. मॅडम आकडी काढायच्या, गाभा उचलायच्या. "हे फळ! बाकीचा गर म्हणजे फुलाची बैठक, पुष्पासन. ती फुगली आणि फळालाच पोटात घेऊन बसली. म्हणून याला आभासी फळ म्हणायचं. आणि खऱ्या फळाचं आपण काय करतो?"

"टाकून देतो!" अख्खा वर्ग ओरडायचा.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे उकरी म्हणायचे, कारण प्रत्येक गोष्ट उकरून विचारायची. बाप तिचा कपड्यांना इस्त्री करायचा. एकदा तिने मला उलटं केलं. "मॅडम, याच्या बुडाला हे वाळकं काय आहे?"

"फुलाची हिरवी दलं. फूल गेलं, खूण राहिली."

"म्हणजे याला आपण कुठून आलो ते लपवता येत नाही."

मॅडम खळखळून हसल्या. "उकरे, तू माझं नाव काढशील गं!"

मी ते ऐकलं आणि खरं मानलं. मी कागदाचा, तेव्हा माझं सोडा. तीही खरंच मानून बसली.

मग शाळाशाळांची विज्ञान स्पर्धा आली. जिंकेल त्याला पुढच्या मोठ्या शाळेत फी माफ. उकरीच्या घरी मोठ्या शाळेचा दुसरा रस्ताच नव्हता. ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. मॅडम पहिल्या रांगेत, मी त्यांच्या मांडीवर. धीर यावा म्हणून मला नेलं होतं. व्यासपीठावर परीक्षक साहेब. शाळेत मुख्याध्यापक कोण होणार, हे त्यांच्याच शब्दावर ठरायचं.

त्यांनी कागदावरून वाचलं, "सफरचंदात आपण फळाचा कोणता भाग खातो?"

उकरी म्हणाली, "कुठलाच नाही. फळ आपण टाकून देतो."

सभागृह फिसकन हसलं. साहेब म्हणाले, "अगं, टाकून देतेस तर इकडे दे, मी खातो!" पुन्हा हशा. "उत्तर आहे मध्यकवच."

उकरी हसली नाही. "सर, ते आंब्याचं झालं. तुमच्या कागदावर आंब्याचं उत्तर सफरचंदाला लागलंय. मॅडमना विचारा."

साहेबांचे कान लाल झाले. "काय मॅडम? तुम्ही काय शिकवलंत?"

मित्रांनो, मॅडमचं बोट माझ्या आकडीवर होतं. नुसतं उचलायचं होतं, मी पुढचं बोललो असतो. माझ्यात एवढी एकच अक्कल आहे. पण बोट आकडीवरून खाली आलं.

"मी मध्यकवचच सांगितलं होतं, सर," मॅडम म्हणाल्या. "ही जरा मनाचं जोडते."

उकरी मॅडमकडे बघत राहिली. रडली नाही. ती माझ्याकडेही बघत होती, आणि मी मिटलेला होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला एकट्याला कपाटातून काढलं. पकडीने आकडी उपटली. मला वाटलं, नवी बसवणार. त्यांनी माझ्या कडांना सरस लावला, दोन्ही भाग दाबून धरले आणि वरून लाल रंग फिरवला. आपल्याला कोण बुजवतंय हे कळायलासुद्धा मला वेळ लागला. ज्या हातांनी उघडलं, तेच हात होते ना.

पुढे त्या मुख्याध्यापिका झाल्या आणि मला खोलीत घेऊन आल्या. फेकलं का नाही? पुरावा फेकला तर कोणाच्या तरी हाताला लागतो. शोभेला ठेवला की कोणी ढुंकून बघत नाही.

परवा एक बाई मुलीला शाळेत घालायला आल्या. अंगावर औषधाच्या दुकानाचा निळा कोट. मॅडमनी त्यांना ओळखलं नाही. मी ओळखलं. मॅडमनी अर्जावर सही करायला पेन उघडलं आणि लाडाने मुलीला विचारलं, "सांग बघू बाळ, हे काय आहे?"

"खोटं सफरचंद," मुलगी म्हणाली.

बाईंनी मला उचललं. नख माझ्या कडेवरून फिरलं आणि आकडीच्या जागी थांबलं. "मॅडम, याची आकडी कुठे गेली?"

मॅडमनी मान वर केली. आता ओळखलं. "शोभेचं आहे ते. ठेवा खाली."

बाईंनी ठेवलं. अर्जाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. एक शब्द गिळला की सही होत होती. मला वाटलं, गिळणार. शिकवणी तशीच मिळाली होती.

"आई, हे उघडतं?" मुलीने विचारलं.

"उघडायचं," उकरी म्हणाली. "आत पाच खोल्या आहेत. चिकटवून टाकलंय."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "जागा भरल्यात."

उकरी उठली. दारातून मुलीचा आवाज आला, "पण आत काय आहे ते सांग ना!"

"जाताना एक खरं घेऊ. आडवं कापून दाखवते."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी "वस्तू जपा" असं सांगायची रीत आहे. मी सांगणार नाही. मला जपूनच मारलंय. शिपाईमामा रोज मऊ फडक्याने पुसतात, मॅडम कोणाला हात लावू देत नाहीत. तुमच्यापैकी कोणी या खोलीत आलं, तर एवढंच करा. वाडग्याला एकदा कोपर लागू द्या. फुटलो तर फुटलो. गाभा तरी बाहेर येईल.