मिरच्यांचा ओलावा

चुलीवर तारेने टांगलेल्या बांबूच्या पाट्या तीन. पहिलीतल्या मिरच्या मी मोजल्या: एक हजार दोनशे बारा. त्यांतल्या एकोणीस देठाशी तुटलेल्या. बाकीच्या दोन पाट्या नुसत्या तोलल्या. सगळ्या मिळून पावणेपाच किलो, म्हणजे आम्हा दोघांचे वर्षाचे तिखट. १९७६चा एप्रिल होता. पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या वळवाच्या पावसात भिजल्या, म्हणून सारजाआत्याने त्या घरात घेतल्या आणि खाली गोवऱ्या धुमसत ठेवल्या.

आत्या माझ्या वडिलांची बहीण. तिनेच मला वाढवले. रहाटणीत आमची दीड खोली होती. मी बीएस्सी होऊन पिंपरीच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत लागलो होतो. माझे शर्ट त्याच खोलीत टांगलेले असत. धुराच्या तिसऱ्या दिवशी तराजूच्या खोलीत माझ्यासोबत काम करणाऱ्या मुरारीला शिंका आल्या आणि तो म्हणाला, "भावा, डबा आणलास की फोडणी अंगावर घालून आलास?" सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवसापासून मी बसमध्ये शेवटच्या बाकावर बसू लागलो.

मिरची वाळली की नाही हे आत्या कानाशी धरून ठरवी. आत बिया खुळखुळल्या की झाली. गल्लीतल्या बायका आपापल्या मिरच्या तिला ऐकवायला आणत. सहाव्या दिवशी ती म्हणाली, अजून दोन दिवस धूर हवा. मी म्हणालो, प्रयोगशाळेत मोजून आणतो. तिला कौतुक वाटले. तिन्ही पाट्यांतल्या थोड्या थोड्या मिरच्या तिने फडक्यात बांधून दिल्या.

दहा ग्रॅम चुरा भट्टीत पाच तास तापवून पुन्हा तोलला. ओलावा एकवीस टक्के. अकराच्या वर असला की बुरशी धरते, हे मला ठाऊक होते. घरी आलो तर इस्त्री केलेला माझा शर्ट धुरातच लटकत होता.

"दहा टक्के," मी आत्याला सांगितले. "झाल्या."

तिने एक मिरची कानाशी हलवली, मग माझ्याकडे पाहिले. "मला तर आवाज येईना. पर तू मशीनवर बघितलंस न्हवं?"

मी हो म्हणालो. तिने गोवऱ्यांवर पाणी मारले आणि मिरच्या पत्र्याच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावले.

कांडायला नेण्यासाठी तेविसाव्या दिवशी डबा उघडला, तेव्हा आत पांढरी बुरशी होती. आत्याने डबा उकिरड्यावर पालथा केला. गल्लीत विचारणाऱ्यांना सांगत राहिली की तिचेच कान गेले. मी ते आठ दिवस ऐकले. तिला मिरच्या ऐकवायला मग कोणी येईना.

नवव्या दिवशी शेजारच्या विमलबाई गाठोडे घेऊन थेट माझ्यापुढे आल्या. "तूच बघ रं बाबा. सारजाबाईला आता कुठं ऐकू येतंय."

आत्या उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"आत्याचे कान चांगले आहेत, मावशी," मी म्हणालो. "आकडा एकवीस आला होता. मी दहा सांगितला. माझ्या कपड्यांना धुराचा वास येत होता म्हणून."

विमलबाई कधी माझ्याकडे, कधी आत्याकडे पाहत राहिल्या. आत्याने ताटातले आणखी दोन खडे वेचले.

"किती व्हता म्हनलास?"

"एकवीस."

तिने ताट बाजूला सारले, गाठोड्यातून एक मिरची घेऊन कानाशी हलवली, मग दुसरी, मग तिसरी. "न्हाई, विमल. आनखी दोन दिस धूर दे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू ह्यातल्या घिऊन जा. काय निघंल ते हिच्यासमूर सांग."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी ओट्यावर बसल्या होत्या. मी वही उघडून वाचले. नमुना दहा ग्रॅम. तापवल्यावर आठ ग्रॅम सोळा सेंटिग्रॅम. ओलावा अठरा पूर्णांक चार टक्के.