घासलेल्या तोंडावरचा हात

एकोणीसशे सत्त्याण्णव साली मी मुरबाडच्या एका पोलाद ओतायच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. भट्टीतल्या रसाचा छोटा ठोकळा यायचा, त्याचं एक तोंड मी चाकावर घासून सपाट करायची. मग कल्याणहून येणाऱ्या चंद्रकला मॅडम तो यंत्रावर ठेवत. विजेची ठिणगी पडे आणि तिच्या उजेडावरून यंत्र सांगे, पोलादात काय किती आहे.

एरवी दोन-चार पॉइंट जास्त चालायचे, पण त्या आठवड्यात कार्बन आठ पॉइंटच्या, म्हणजे ०.०८ टक्क्याच्या, आत हवा होता आणि यंत्र अकरा दाखवत होतं. दोन वेळचा रस फुकट गेला. तिसराही गेला तर भट्टीवरच्या गोमाला काढणार, असं साहेब सांगून गेले.

गोमा धसईचा. तिसरा ठोकळा घेऊन तो दारातच थांबला. "मॅडम, मी काय कोळसा खाऊन भट्टीत थुकतो?"

यंत्राने पुन्हा अकरा दाखवले.

मॅडम म्हणाल्या, "गीताबाई, परत घासा. एकदा बघू."

पुन्हा घासल्यावर ठोकळा फार तापला होता, म्हणून मी तो चिमट्यानेच दिला. सात आले.

मॅडम यंत्राकडे बघत राहिल्या. मी माझ्या हाताकडे. तांदळाचं पीठ बारीक झालं का, हे तळव्याने बघायला सासूने शिकवलं होतं. तसाच मी प्रत्येक ठोकळ्यावरून हात फिरवायची. सकाळी डोक्याला लावलेलं खोबरेल त्या हाताला असायचं, आणि तेलात कार्बन असतोच.

गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. गोमा दारातच होता.

मी ठोकळा गार केला, घासला, त्यावरून तळवा फिरवला आणि मॅडमना दिला. दहा आले. "माझा हात लागला की वाढतंय," मी म्हटलं. "त्याची भट्टी बरोबर हाय."

मॅडमनी तो परत घासायला लावला आणि हात न लावता त्या तोंडावर तीन जागी ठिणगी पाडली. सात, सात, सात. आकड्यांचा कागद घेऊन मॅडम साहेबांकडे गेल्या. तीन ठिकाणचे आकडे जुळल्याशिवाय लिहायचं नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

"एवढे दिस माझ्या भट्टीत खोबरेल ओतत व्हतीस गो," गोमा म्हणाला, आणि कामाला गेला.

मला हातमोजे मिळाले. पुढे नऊ वर्षं मी तिथे होते, पण घासणी नीट झाली की नाही, हे मला पुन्हा कधी कळलं नाही. यंत्र सांगायचं.