उलटी किल्ली

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं लोकांची कुलपं दुरुस्त केली, आणि त्या सकाळी ह्यांच्याच सायकलचं कुलूप ह्यांना उघडेना.

आदल्या दिवशीच मुलगा येऊन दुकान बंद करा म्हणून सांगून गेला होता. बाबा माणसं विसरतात, एकाची किल्ली दुसऱ्याला देतात, असं त्याचं म्हणणं. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. नावं मीही विसरते, म्हटलं, पण कुलपात ह्यांचा हात धरणारा कुणी नाही. ज्या दिवशी ह्यांना एक कुलूप उघडणार नाही, त्या दिवशी मी स्वतः दुकानाला टाळं लावीन. जिभेला हाड नाही माझ्या, दुसरं काय.

तर दुकानाला जायची वेळ टळून गेली तरी हे जिन्याखाली सायकलपाशी उकिडवे बसलेले. किल्ली आत जात होती, पण फिरत नव्हती. ह्यांनी आधी फुंकर मारली. मग पेन्सिलीचं शिसं कानशीवर घासलं आणि ती पूड किल्लीला लावून आत सारली, कारण तेलानं धूळ चिकटते, असं हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. हात कसे बेतानं चालले होते. मी दारात भाजी चिरत बसले होते आणि मनात मुलाला म्हणत होते, ये आता, बघ, काय विसरलाय हा माणूस?

अर्धा तास झाला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. सुरी ठेवून मी जवळ गेले. हे किल्ली उजवीकडे फिरवत होते.

ते कुलूप डावीकडे फिरतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ह्यांची सायकल चोरीला गेली. नवी घेतली तेव्हा ह्यांनी कुलूप खोलून आतली चकती उलटी बसवली. चोराची अक्कल उजवीकडेच चालते, म्हणाले होते. ही खुबी जगात आम्हा दोघांनाच ठाऊक. कालपर्यंत ह्यांचा हात न बघता डावीकडे जायचा. कुलपाला काहीसुद्धा झालं नव्हतं.

मुलाला सांगायचंच नाही, असं आधी मनात आलं. पण मला कळलं होतं, त्याचं काय करू? मी खाली वाकून किल्ली डावीकडे फिरवली. खट्कन कुलूप उघडलं.

हे बघत राहिले, मग हसले. "उलटं फिरतंय की! कुणाचं हे खूळ?"

मला राग आला. रडू येण्याआधी मला नेहमी रागच येतो. "माझ्या नवऱ्यानं बनवलंय," मी फणकाऱ्यानं म्हटलं. "त्याच्या तोडीचा कारागीर दाखवा दुसरा."

ह्यांनी किल्ली काढली, शर्टाला पुसली आणि दुकानात देतात तशी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"रागावू नका, बाई," ते म्हणाले. "काम चोख आहे. पण तुमच्या यजमानांना सांगा, अशी खुबी कुठेतरी लिहून ठेवावी. माणसाचा काय भरवसा?"

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी किल्ली घेतली. सांगते, म्हटलं.