काशीरामचा कालदंड

८५ साली इद्रीस बहारीनहून सुट्टीवर खेडला आला, तेव्हा टेपरेकॉर्डरबरोबर त्याने एक खोकाही आणला. त्यात नाना आकारांचे फासे होते आणि दोन इंग्रजी पुस्तकं. जहाजदुरुस्तीच्या यार्डातल्या एका गोऱ्याने त्याला हा खेळ शिकवला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र रचायचं, इद्रीसने गोष्ट सांगायची, आणि तिच्यात आपलं पात्र काय करतं ते आपण बोलायचं. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवणार.

रविवारी दुपारी त्याच्या पडवीत बैठक बसली. त्याची बायको नसीमा, रेडिओ दुरुस्त करणारा बाबल्या आणि शाळासोबती काशीराम. मुंबईची कापडगिरणी संपात बंद पडल्यावर काशीराम गावी परतला होता आणि आता भात सडायच्या गिरणीवर कामाला होता.

"ताकद, चपळाई, अक्कल आणि माणसं जोडायची हातोटी," इद्रीस म्हणाला. "प्रत्येकाने मिळालेले गुण यांच्यात वाटून घ्या."

नसीमाने अंधाराला भिणारी वैदीण रचली. बाबल्याने बडबड्या चोर. काशीरामने सगळे गुण ताकदीत ओतले आणि योद्ध्याचं नाव ठेवलं कालदंड. आईबाप मेलेले, गाव जळालेलं, मित्र नाही, कोणावर विश्वास नाही.

"मग आमच्याबरोबर येतो कशाला?" नसीमाने विचारलं.

"तुम्ही जाता तिकडे तोही जातो. एवढंच, भाभी."

इद्रीसला हे खटकलं.

खेळ सुरू झाला. घाटातल्या पहारेकऱ्याला बाबल्याच्या चोराने गोडीगुलाबीने वळवलं. कालदंड झाडाखाली उभा. वैदिणीने औषध पुढे केलं. कालदंडाने घेतलं नाही. लांडगे आले तेव्हा त्याने दुसऱ्यांची पाळी यायच्या आत सगळे कापून काढले. त्यानंतर काशीराम जांभया देत बसला.

पुढच्या रविवारी दरीवरचा झुलता पूल तुटला आणि वैदीण दोराला लोंबकळली.

"काशीराम, तूच जवळ आहेस. काय करतोस?"

"कालदंड कोणासाठी थांबत नाही. तो पुढे जातो."

नसीमाने फासा टाकला. वाईट पडला. वैदीण दरीत गेली.

नसीमा कपबश्या गोळा करायला लागली. "खेळात मरण येणारच, त्याचं काही नाही. पण काशीभाऊ, साधा हात नाही दिलात."

"मी नाही भाभी, कालदंडाने."

"आणि कालदंड कोणी केला?"

त्यानंतरच्या रविवारी काशीराम आलाच नाही. इद्रीस त्याला भेटायला भाताच्या गिरणीवर गेला. काशीराम गिरणीचा पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावत होता.

"ज्याचं कोणीच नाही, त्याला कोण हरवणार, असं वाटलं मला," तो म्हणाला.

"कोणी हरवत नाही, खरंय. पण त्याच्याकडे कोणी काही मागू शकत नाही, त्याला काही विचारू शकत नाही. मी गोष्ट सांगतो, तर मलाही त्याला धरायला जागा सापडत नाही."

काशीरामने राळेचा डबा खाली ठेवला. "संपात खोलीवरचे सगळे पांगले रे. कोणी सांगूनसुद्धा गेला नाही. मला अजून वाटतं, शोधावं एकेकाला."

"मग असाच माणूस कर की."

काशीराम हसला नाही, पण पुढल्या रविवारी आला. कालदंड वाटेत मागे राहिला, असं इद्रीसने गोष्टीत सांगून टाकलं. नवं पात्र होतं एक तांडेल, होडीवरचा म्होरक्या. ताकद बेताची, पोहण्यात पटाईत, डोकं लवकर तापणारं. होडीवरची माणसं त्याला सोडून गेलेली, आणि तो बंदरोबंदर त्यांचा माग काढणारा. नसीमा वैदिणीची धाकटी बहीण होऊन आली, आणि आल्या आल्या तांडेलाशी भांडली. तोही तापला. बाबल्याला मध्ये पडावं लागलं.

तांडेलाच्या होडीतून नदी ओलांडताना चोर पाण्यात पडला. कोणी विचारायच्या आत काशीराम म्हणाला, "उडी मारतो!" चोर वाचला, पण मोकळी सुटलेली होडी खडकावर आपटून फुटली.

"आता माझ्या माणसांपर्यंत पोचायचं कसं?" काशीराम खरोखरच हळहळला.

"चालत," नसीमा म्हणाली. "आम्ही येतो ना."

महिनाअखेर इद्रीस बहारीनला परतला. खोका त्याने घरीच ठेवला. गोष्ट आता नसीमा सांगू लागली, आणि तिच्या गोष्टीत लांडगे फार असत, प्रत्येकाच्या वाट्याला येतील एवढे.