खोरागुसची अनामत

बुधवारी दुपारी खोरागुस हा लॅटिन शब्द मिरजेतल्या माझ्या ड्रेपरीच्या दुकानात आला आणि पाच शेपट्या भाड्यानं मागू लागला. नाटकवाल्यांना कपडे पुरवणारा, असा त्याचा अर्थ. म्हणजे आमच्याच धंद्यातला.

"गाव कोणतं?" मी विचारलं.

"मूळचा ग्रीक. लॅटिननं उसना नेला, परत पाठवलाच नाही."

तिकडे म्हणे विभक्तीच्या शेपटीशिवाय वाक्यात घेत नाहीत. संध्याकाळी त्याचे सहा प्रवेश होते. एक शेपटी लावली की तो काम करतो, दुसरी लावली की त्याच्यावर काम होतं, आणि सगळ्यात आखूड लावली की लोक त्याला नुसती हाक मारतात.

"प्रवेश सहा, मग शेपट्या पाच कशा?"

"दोन प्रवेशांना एकच चालते. प्रेक्षक बोलत नाहीत."

वानरसेनेच्या शेपट्या माळ्यावर होत्याच. पण अनामत ठेवल्याशिवाय आमच्याकडून मिशीसुद्धा बाहेर जात नाही. त्यानं खिसे चाचपले, आपला अर्थ काढून स्टुलावर ठेवला आणि शेपट्या काखोटीला मारून गेला.

अर्थ माझ्याच उंचीचा निघाला. चष्माही माझ्याच नंबरचा. थोड्या वेळानं तो उठला, गळ्यात टेप अडकवून वाल्मीकीची दाढी विंचरू लागला. माझ्यापेक्षा बरी विंचरली, खोटं कशाला सांगू.

इंदूनं चहा आणला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"अगं, नवरा इकडे आहे!" मी म्हणालो.

"थांबा हो जरा," ती मला म्हणाली, "गिऱ्हाइकांना भारी घाई. यांना घोटभर घेऊ द्या आधी."

चाळीस वर्षांचं दुकान आणि बायको एका कपात चालली होती. शेपट्या परत आल्या की अनामत जाईल, म्हणून मी धावत नाट्यगृह गाठलं. आत खोरागुसच्या नावानं हाका चालल्या होत्या.

दारवान म्हणाला, "शेपटी?"

"मालक आहे मी शेपट्यांचा!"

"सगळे असंच सांगतात, आजोबा. लावून या."

परत दुकानात आलो. गिऱ्हाइकासारखा बाहेर चप्पल काढून उभा राहिलो.

"एकच उरलीय," अर्थ म्हणाला. "मागे वळा." त्यानं मापं घेतली, शेपटी बांधली. अगदी बेतानं बसली. इंदू म्हणाली, "शोभते हो."

"अनामत?" त्यानं विचारलं.

मी खिशात हात घातला. आत काहीतरी कोमट होतं, बहुधा माझाच अर्थ. त्यानं आतूनच माझं बोट घट्ट धरलं.